बी सायलेंट

माझ्या नणंदेच्या अमृतमहोत्सवी पुस्तिकेत बाराव्या पानावर एक चूक आहे. ती मी ठेवली. प्रूफ मीच तपासलं होतं, लाल पेनानं, दोनदा, चष्मा पुसून. त्या पानावरच्या सात वेलांट्या आणि तीन अनुस्वार मी जागेवर आणले आणि ती चूक मात्र, पाहुणीला पाट द्यावा तशी, ऐसपैस बसू दिली. माझं वय एकाहत्तर. या वयात माणसानं माफ करायला शिकावं असं आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात सांगतात. मी मंडळात टाळ वाजवते, बाकीचं ऐकत नाही.

चूक कळायची तर आधी टमरेल कळायला हवं. ज्यांच्या घरात जन्मापासून नळ आणि संडास दोन्ही आहेत त्यांच्यासाठी सांगते. टमरेल म्हणजे पत्र्याचा तो डबा, जो हातात घेऊन माणूस ओढ्याकडं निघाला की वाटेत भेटणारा त्याला 'कुठं निघालास' असं विचारत नाही.

आमचं सासर इंदापूरचं. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत घर, मामंजी कचेरीत अव्वल कारकून. मी वरकुट्याची, शेतकऱ्याची मुलगी. जुनी अकरावी पास, इंग्रजीत साठाच्या वर मार्क, आणि त्या मार्कांचा तोरा इतका की लग्नाच्या दिवशी नवरा बघायचा सोडून मी पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव इंग्रजीत बरोबर लिहिलंय का ते बघत होते. बरोबर होतं. मला वाईट वाटलं. अशी ती एकोणीस वर्षांची बया.

नणंद माझ्याहून चार वर्षांनी मोठी, ह्यांच्या पाठची. बारामतीला कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी स्पेशल. दर शनिवारी एसटीतून ती उतरायची आणि तिच्या मागोमाग घरात इंग्रजी उतरायचं. प्रत्येक आठवड्याला एक नवा नियम. ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे, त्या आठवड्यात तिनं गप्प बसणारी अक्षरं आणली होती. सासूबाई विळीवर कांदा चिरत होत्या, त्यांना ती म्हणाली, "आई, नाइफमध्ये पहिला के असतो. लिहायचा, पण बोलायचा नाही."

"मग ल्याहायचा कशापायी?" सासूबाई म्हणाल्या. "पंगतीला बसवायचं आन् वाढायचं न्हाय, तशातली गत."

मी हसले. हसायला नको होतं, कारण नणंदेनं ते बघितलं.

त्याच दिवसांत माझाही एक बेत होता. कॉलेजात न जाता बाहेरून बीएची परीक्षा देता येते असं मला कळलं होतं. फॉर्म आणवला होता, भरला होता, सुवाच्य अक्षरात, विषय इंग्रजी. मामंजींची सही तेवढी राहिली होती. "गुरवारी बघू," असं ते म्हणाले होते, आणि कचेरीतल्या माणसाच्या तोंडून 'बघू' म्हणजे निम्मी सही झाली असं मी धरलं होतं. फॉर्म देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली होता. रोज कुंकू लावताना मी करंडा उचलून फॉर्म आहे ना ते बघायची.

गुरुवारच्या आधी रविवार आला. नणंदेच्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका इंदापुरात कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या, त्या घर बघायला म्हणून आल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर चादर, तिच्यावर त्या. मामंजी खुर्चीत. आमचे हे दाराला टेकून उभे, केसांना तेल लावून. मी आत, पोहे परतत.

आणि बाहेरून नणंदेचा आवाज आला, कॉलेजातला, नाकातून काढलेला. "वैनी! जरा टमलर आणा!"

तिला हवा होता पाण्याचा पेला. मला 'टमरेल' ऐकू आलं.

आता त्या एकोणीस वर्षांच्या बयेच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते, कारण आजवर ते मला कुणी विचारलेलं नाही. ती मूर्ख नव्हती. मूर्ख असती तर थबकली असती. ती विचार करणारी होती, आणि विचार करणाऱ्या माणसाची फजिती नेहमी मोठी होते. तिनं विचार केला की बाया सकाळच्या गाडीनं आल्या आहेत, रस्ता खडबडीत, लग्नघरात गर्दी, सोय नसणार. शिकलेली माणसं मोकळी असतात, लाजत नाहीत, स्पष्ट मागतात. वा! आपणही पुढारलेलं दिसायला हवं. म्हणून तिनं टमरेल घेतलं, चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केलं, काठोकाठ भरलं, पितळी ताटलीत ठेवलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं विणलेला, मोराची नक्षी असलेला रुमाल पांघरला. मग डोक्यावरचा पदर नीट करून ती बाहेर गेली आणि मोठ्या प्राध्यापिकेच्या पुढ्यात ताटली ठेवली.

बाईंनी रुमाल उचलला.

मग हायवेवरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्यानं परवानगी दिल्यासारखी सगळी खोली हसायला लागली. बाया हसल्या, मामंजी हसले, दाराला टेकलेले हे हसले. ह्यांना मी त्याबद्दल अजून सोडलेलं नाही. आता ते भिंतीवर आहेत, चंदनाचा हार घालून, आणि पुसताना मी त्यांना रोज थोडं बोलते.

मी म्हणाले, "वन्सं, तुमीच टमरेल म्हणालात न्हवं?"

नणंदेचं तोंड लालबुंद. बोट वर करून ती म्हणाली, "टमलर! टमलर! बी सायलेंट!"

'बी सायलेंट' म्हणजे 'गप्प बस' हे मला शाळेपासून ठाऊक होतं. आमचे गुरुजी वर्गात शिरताना तेच ओरडायचे. तेव्हा मी गप्प बसले. ताटली उचलली, आत गेले. पोहे खाली लागले होते.

गुरुवारी मामंजींनी फॉर्म हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि अर्जावर शेरा मारावा तसं म्हणाले, "आधी टमलर नि टमरेल यातला फरक समजू दे. मग बीए." नणंद शेजारीच होती. ती म्हणाली, "अहो बाबा, हिला बीए?" चार शब्द. तेवढेच. मी बोलायला हवं होतं. साठाच्या वर मार्क पडलेली, स्पेलिंग तपासणारी ती बया, तिथं खांबासारखी उभी राहिली, कारण तिला बी सायलेंट सांगितलेलं होतं. फॉर्म तिनं परत करंड्याखाली ठेवला. दिवाळीच्या साफसफाईत तो चुलीत गेला. मीच घातला.

नणंद पुढं शिक्षिका झाली, इंदापूरच्याच एका शाळेत, इंग्रजीची. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. निम्म्या तालुक्याला तिनं इंग्रजी शिकवलं आणि पूर्ण तालुक्याला टमरेलाची गोष्ट सांगितली. माझ्या मुलाच्या बारशाला सांगितली. भाचीच्या साखरपुड्यात नव्या सोयऱ्यांना सांगितली. ह्यांच्या तेराव्याला सांगितली, म्हणे वातावरण हलकं करायला. मी 'टमरेल वैनी' झाले. पापड लाटायला आलेल्या बायकांत जिला मी ओळखत नव्हते तीही मला विचारायची, "टमरेलवाल्या त्या तुमीच व्हय?"

मी हसायची. पन्नास वर्षं प्रत्येक वेळी हसले. हे लिहिताना त्या हसऱ्या बाईच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

आता मी मुलाकडं बारामतीला असते. दोन वर्षांपूर्वी मुलानं मला टॅब आणून दिला, कीर्तनं ऐकायला. एक कीर्तन ऐकलं. दुसऱ्या कीर्तनाच्या आधी एक जाहिरात लागली, घरबसल्या इंग्रजी शिका. मी जाहिरात शेवटपर्यंत बघितली आणि कीर्तन बंद केलं.

सूनबाईला विचारलं, "हे फुकट असतं का गं?" ती बँकेत जायच्या घाईत होती. म्हणाली, "आई, पैसे मागणारी असतात ती सोडा. चांगली पुष्कळ फुकट असतात. पण सोपं काहीतरी बघा हं, लहान मुलांचं." मी मान हलवली आणि ती गेल्यावर अवघड बघायला घेतलं.

काय काय आहे म्हणून सांगू! परदेशातल्या विद्यापीठांचे आख्खे वर्ग, उघडे टाकलेले, कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसावं. मास्तर एका कवितेच्या एकाच ओळीवर पाऊण तास बोलतो, आणि मधे थांबवून आपण भाकरी उलथून आलो तरी रागावत नाही. एका ठिकाणी तोंडाचं चित्र आहे, मधोमध कापलेलं, कलिंगडासारखं. आवाजावर बोट ठेवलं की जीभ कुठं टेकते ते दिसतं. ते बघून मी आरशासमोर इतके ओठ वाकडे केले की सूनबाईनं मुलाला फोन केला, आईंना अर्धांगाचा झटका तर नाही ना. एका ठिकाणी शब्द टाकावा तर तो ज्या ज्या वाक्यांत कुणी वापरला ती हजारो वाक्यं एकाखाली एक येतात, शब्द मधोमध आणि दोन्हीकडं त्याचे शेजारी. माणसाची पारख शेजाऱ्यांवरून करायची सवय आम्हा बायकांना आहेच. मला ते लगेच जमलं.

आणि बोलते कोश. शब्दाशेजारी छोटासा कर्णा असतो, तो दाबला की साहेब बोलतो. पुन्हा दाबला की पुन्हा बोलतो, न कंटाळता, न हसता. मला आयुष्यात भेटलेला हा पहिला इंग्रजीचा मास्तर, जो हसला नाही.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी मी उच्चारांचा धडा लावला. पडद्यावर एक बाई, पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची असेल. तिनं फळ्यावर अंगठ्याचं इंग्रजी नाव लिहिलं, कोकराचं लिहिलं, कंगव्याचं लिहिलं. प्रत्येकाच्या शेवटी बी. त्या बीभोवती गोल काढून ती म्हणाली, बी इज सायलेंट.

मी धडा थांबवला. मागं नेला. पुन्हा ऐकला.

बी. सायलेंट.

म्हणजे त्या रविवारी नणंदेनं मला गप्प बस म्हटलंच नव्हतं. ती अक्षराबद्दल बोलत होती! बी हे अक्षर, जे लिहायचं आणि बोलायचं नाही. तिच्या त्या आठवड्याच्या नियमातलं.

कुणाला वाटेल, राग निवाला असेल. दुप्पट झाला. कारण गप्प बसायला कुणी सांगितलंच नव्हतं, तर मी बसले कशाला? आख्खं बीए मी एका अक्षरापायी चुलीत घातलं, आणि ते अक्षरही माझ्याशी बोलत नव्हतं!

मी उठले, पाणी प्याले. पितापिता भांड्याकडं बघितलं आणि वाटलं, थांब, पण टंबलरमध्ये तरी बी खरंच सायलेंट आहे का?

टॅब उघडला. शब्द टाकला. कर्णा दाबला.

साहेब म्हणाला, "टम्ब्लर."

पुन्हा दाबला. "टम्ब्लर." बी असा ठणठणीत, की घागरीवर कुणी टिचकी मारली. मग अमेरिकेची बाई लावली, तिचाही बी जागेवर. ऑस्ट्रेलियाचा गडी लावला. तिघांचं एकमत. मग नियम नीट वाचला. अंगठा, कोकरू, कंगवा, यांत बी शब्दाच्या शेवटी आहे म्हणून गप्प. मध्ये आला की बहुतेकदा बोलतो. प्लंबरमध्ये बसतो गप्प, तो त्याचा स्वभाव. पण नंबरमध्ये बोलतो, सप्टेंबरमध्ये बोलतो, टंबलरमध्ये बोलतो. नवा नियम शिकलेला माणूस उत्साहाच्या भरात तो नको तिथंही लावतो, याला भाषाशास्त्रात वेगळं नाव आहे. आमच्याकडं त्याला नणंद म्हणतात.

ती जर त्या दिवशी सरळ टंबलर म्हणाली असती, तर मला कळलं असतं. तो शब्द आमच्या क्रमिक पुस्तकात होता, स्पेलिंगसकट पाठ होता. चूक तिची होती. हसू माझं झालं.

सूनबाई कामावरून आली तेव्हाही टॅब बोलत होता. "आई, कोण आलंय?"

"साहेब हाय," मी म्हणाले. "साक्ष देतोय."

तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "जाऊ द्या आता आई. किती वर्षं झाली."

मी जाऊ दिलं नाही. आणखी शोधलं. एका जुन्या मराठी कोशाची पानं नेटवर चढवली आहेत, त्यात 'टमरेल' काढलं, तर तो शब्द इंग्रजी टंबलरवरूनच आला असावा असं तिथं दिसलं. म्हणजे तिनं टंबलर मागितला आणि मी टंबलर नेला! शब्दांच्या जन्मकथा सांगणारं एक स्थळ आहे, तिथं आणखी वाचलं. पूर्वीच्या टंबलरला बूड गोल असायचं, खाली ठेवला की कलंडायचा, त्यामुळं संपवल्याशिवाय तो हातातून ठेवता येत नसे. हे मी वहीत उतरवून घेतलं. उगाच नाही घेतलं.

आणि पंधरा दिवसांनी नणंदेचा फोन आला.

"वैनी, माझे विद्यार्थी माझा पंच्याहत्तरीचा सोहळा करताहेत. पुस्तिका काढताहेत. मी एक लेख लिहिलाय, आठवणींचा. तुम्ही जरा शुद्धलेखन बघा. इंग्रजीचं तुमचं राहू दे, पण वेलांट्या तुमच्या बरोबर असतात."

"पाठवा की वन्सं."

मोबाइलवर लेख आला. सूनबाईनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणला. मी लाल पेन घेऊन बसले. आणि 'माझ्या वहिनीची गंमत' या मथळ्याखाली ते आलंच. आख्खं पान. आजवर ती गोष्ट तोंडातोंडी होती, आता ती छापून येणार होती, माझ्या नातवंडांच्या कपाटात राहणार होती. मी गेल्यावरही बारामती-इंदापुरात मी टमरेलच असणार होते.

पण मधोमध एक वाक्य होतं. 'मी शुद्ध इंग्रजी उच्चारात "टमलर" असे म्हणाले (बी सायलेंट असल्यामुळे), परंतु आमच्या ग्रामीण वहिनींना तो उच्चार कळला नाही.'

कंसासकट! शुद्ध!

सूनबाईनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "आई, हे सांगायला हवं त्यांना. तिथं सगळे शिकलेले विद्यार्थी येणार. हसं होईल त्यांचं."

"व्हय," मी म्हणाले. "हुईल."

"आई!"

"त्यांनी मला वेलांट्या बघायला सांगितल्यात. इंग्रजीचं राहू दे म्हणाल्यात. फोनवर स्वतः म्हणाल्यात."

आठवडाभर तो कागद माझ्याकडं होता. खोटं सांगत नाही, दोनदा मी लाल पेन त्या शब्दापर्यंत नेलं. एकोणीस वर्षांची ती बया असती तर तिनं धावत जाऊन सांगितलं असतं, आणि वर वन्संना बरं वाटावं म्हणून गोष्ट स्वतःच आणखी रंगवून दिली असती. तिला मी म्हटलं, तू बस. तुझ्या हातानं फॉर्म चुलीत गेला, आता हा कागद माझ्या हातात आहे. 'ग्रामीण'चा 'मी' दीर्घ केला. 'उच्चार'चा पाय मोडला होता तो जोडला. कंस तिरका होता तो सरळ केला, म्हणजे चूक कशी चौकटीत उठून दिसेल. आणि कागद परत पाठवला.

सोहळा इंदापूरला, हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. मी इरकल नेसले, टॅब पिशवीत घेतला. गाडीत सूनबाई म्हणाली, "अजून वेळ आहे आई." मी खिडकीतून ऊस बघत बसले.

हॉल भरलेला. डॉक्टर, वकील, गुरुजी, कारखान्यावरचे लोक, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. नणंद व्यासपीठावर, मोतिया रंगाच्या पैठणीत, ताठ. ताठ बसायला ती कधीच विसरली नाही. भाषणं झाली. मग सूत्रसंचालन करणारी म्हणाली, "आता ज्यांच्याशिवाय बाईंचा कुठलाही कार्यक्रम पूर्ण होत नाही, त्या पान बारावरच्या वहिनी दोन शब्द बोलतील." हॉल हसला. मागून कुणीतरी हळूच 'टमरेल' म्हणालं, पण हॉलला घुमारा होता, ते हळू राहिलं नाही.

मी चढले. माइक हातात घेतला आणि म्हणाले, "वन्सं, पान बारा उघडा. तुमी मागितलं ते काय हुतं, जरा तुमच्याच तोंडानं सांगा. मला त्या दिवशी नीट ऐकू आलं न्हाय."

ती हसत उठली. चष्मा लावला. दुसऱ्या माइकमध्ये स्वच्छ म्हणाली, "टमलर. बी सायलेंट."

"पुन्हा एकदा वन्सं."

"टमलर!"

मी टॅब माइकला लावला आणि कर्णा दाबला.

"टम्ब्लर," साहेब म्हणाला. आख्ख्या मंगल कार्यालयाला ऐकू गेलं. मी पुन्हा दाबलं. "टम्ब्लर." मग अमेरिकेची बाई. मग ऑस्ट्रेलियाचा गडी. मी हॉलला सांगितलं की नंबरला नमर म्हणत नाहीत, सप्टेंबरला सप्टेमर म्हणत नाहीत. आणि टमरेल हा शब्दही टंबलरचाच, कोशात बघा, पान माझ्याकडं आहे. "वन्संनी टंबलर मागितला," मी म्हणाले, "आन् त्या घरात टंबलर कुणाला कळला असंल तर तो मला एकटीला."

पहिल्यांदा पुढच्या रांगेतला एक डॉक्टर हसला. मग सगळा हॉल. यावेळी माझ्याकडं बघून नाही. नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, गळ्यापासून वर, सावकाश. मला वाईट वाटलं असं इथं लिहायला हवं. वाटलं नाही. मी ते दृश्य डोळे भरून बघितलं, साखरपुडा, बारसं आणि तेरावा यांच्यासकट.

मग ती म्हणाली, "आणा इकडे."

टॅब तिच्या हातात दिला. कानाशी धरून तिनं स्वतः कर्णा दाबला. तीन वेळा. ओठ हलवून बघितले. मग टॅब खाली ठेवला, माइक पुढं ओढला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "मी ज्यांना टमलर शिकवलंय, त्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला. दोन. मग निम्मा हॉल. डॉक्टरचाही.

"खाली. चूक माझी. आजपासून बी वाजवायचा. म्हणा माझ्यामागं. टम्ब्लर."

"टम्ब्लर!" तीनशे माणसं ओरडली. आणि टाळ्या. उभं राहून. कुणीतरी डोळे पुसत होतं. कुणाला टाळ्या? तिला! पन्नास वर्षं मी वाट बघितली आणि टाळ्या तिलाच!

जेवणाला आम्हांला शेजारी बसवलं. ती जिलबी नुसती मोडत राहिली. मग म्हणाली, "एवढं सगळं कुठून शिकलात?"

"नेटवर. फुकट असतं. तुमालाबी पाठवीन." मी पाण्याचा घोट घेतला. "वन्सं, तुमी त्या दिवशी बी सायलेंट म्हणालात, ते मला वाटलं गप बस म्हणालात."

तिचा हात थांबला. "मी अक्षराचं सांगत होते."

"आता ठाऊक झालं."

"म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत? बाबांनी फॉर्म परत दिला तेव्हाही?"

"तेव्हा तुमी 'हिला बीए' म्हणालात. आन् मी सायलेंट."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालात."

तिला आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की खरंच आठवत नव्हतं, आणि मला हसण्यापेक्षाही ते जास्त लागलं. जे मी पन्नास वर्षं सांभाळलं ते तिच्याकडं नव्हतंच. तिनं पुस्तिका उघडली, बारावं पान काढलं, बोटानं ओळ लावत गेली. बोट कंसापाशी थांबलं.

"वैनी, हे प्रूफ तुम्ही तपासलं होतं."

"व्हय. वेलांट्या."

"आणि हे टंबलरचं तुम्हाला कधी कळलं?"

मी जिलबी खाल्ली. चांगली होती, कुरकुरीत.

"आधीच ठाऊक होतं तुला!" ती म्हणाली. आमच्या लग्नापासून तिनं मला तोंडावर अहो-जाहोच केलं होतं. आज पहिल्यांदा 'तू' आलं. "मुद्दाम ठेवलंस तू हे! माझ्या पुस्तकात! सगळ्यांसमोर, तू—"

समोरच्या पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. मी तिच्याकडं झुकले, ओठांवर बोट ठेवलं.

"बी सायलेंट," मी म्हणाले.